हौद्यात बसणाऱ्या कॅम्परचा विमा : ट्रकच्या पॉलिसीत, स्वतंत्र, की घराच्या?

चौथा_गिअर :

नमस्कार. नऊ दिवसांपूर्वी आम्ही एक वापरलेला स्लाइड-इन कॅम्पर खरेदी केला. ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की हा मागे ओढायचा ट्रेलर नव्हे. पिकअप ट्रकच्या हौद्यात सरकवून बसवायचा, साखळ्या-टर्नबकलने आवळायचा आणि प्रवास संपला की चार जॅकवर उचलून खालून ट्रक काढून घ्यायचा, अशी त्याची रचना असते. आमचा कॅम्पर आठ वर्षांचा आहे, तो १९,००० डॉलरला पडला आणि त्यावर कर्ज नाही. ट्रक एक-टनी, म्हणजे जास्त भार वाहणाऱ्या पिकअपच्या श्रेणीतला आहे. त्याच्या वाहन पॉलिसीत लायबिलिटी (आपल्यामुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीची भरपाई), कोलिजन (धडकेने किंवा आदळून आपल्या वाहनाचे झालेले नुकसान) आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, आग, गारपीट अशा इतर कारणांनी झालेले नुकसान) हे तिन्ही भाग आहेत, मात्र लायबिलिटी राज्याच्या किमान मर्यादेइतकीच आहे.

विम्याची चौकशी सुरू केली आणि तीन ठिकाणी तीन उत्तरे मिळाली. ट्रकचा विमा ज्यांच्याकडे आहे त्या एजंटांनी सांगितले, की कॅम्पर हा ट्रकवर लादलेला माल असल्यामुळे तो ट्रकच्या पॉलिसीत आपोआप येतो आणि वेगळे काही करण्याची गरज नाही. दुसऱ्या एका कंपनीने फोनवर कॅम्परसाठी स्वतंत्र पॉलिसी घ्यावीच लागेल असे ठामपणे सांगून वर्षाला सुमारे ३१० डॉलरचा हप्ता कळवला. आमच्या एका स्नेह्यांचे म्हणणे असे, की कॅम्पर बहुतेक वेळ घराच्या आवारातच उभा राहणार असल्याने तो घराच्या विम्याखाली सामानात धरला जाईल. आम्ही वॉशिंग्टन राज्यात राहतो. येथे कॅम्परला स्वतंत्र टायटल (मालकीचा दाखला) आणि परवान्याचे टॅब (नोंदणीचे स्टिकर) घ्यावे लागतात, ते आम्ही घेतले आहेत. सरकार ज्याला स्वतंत्र कागद देते तो नुसता ‘माल’ कसा, हे मला उमगत नाही.

या तिघांपैकी बरोबर कोण? शिवाय कॅम्पर जॅकवर उभा असताना किंवा चढवता-उतरवताना पडला, तर तो अपघात ट्रकचा मानायचा की कॅम्परचा?

दप्तरदार :

मी अकरा वर्षे वाहन विम्याचे दावे हाताळण्याच्या कामात होतो. आता त्या क्षेत्रात नाही, त्यामुळे कोणाची बाजू घेण्याचे कारण नाही. तुम्हाला मिळालेल्या प्रत्येक उत्तरात थोडे तथ्य आहे, परंतु पहिल्या आणि तिसऱ्या उत्तरावर विसंबून राहिलात तर ज्या दिवशी नुकसान होईल त्या दिवशी हातात काही नसेल.

आधी घाईची गोष्ट सांगतो, कारण तुमच्याकडे पाचच दिवस उरले आहेत. अमेरिकेतील अनेक कंपन्या वैयक्तिक वाहन पॉलिसीसाठी इन्शुरन्स सर्व्हिसेस ऑफिस या संस्थेने तयार केलेला नमुना जसाच्या तसा किंवा थोड्या फेरफाराने वापरतात. त्या नमुन्यात स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा जो भाग आहे, त्याच्या अपवादांत असे कलम आहे, की डेक्लरेशन पानावर (कशाकशाचा विमा आहे त्याची यादी देणाऱ्या पानावर) न दाखवलेला ट्रेलर, कॅम्पर बॉडी किंवा मोटर होम यांचे नुकसान कंपनी देणार नाही. त्यांच्यासोबत वापरली जाणारी स्वयंपाकाची, पाण्याची, शीतकपाटाची व्यवस्था आणि बाहेर ताणायचे छत हेही त्याच अपवादात येते. याच कलमात पुढे एक सवलत आहे : पॉलिसीच्या मुदतीत नव्याने घेतलेला कॅम्पर मालकी मिळाल्यापासून १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवून विमा मागितला, तर हा अपवाद लागू होत नाही. तुमची पॉलिसी याच नमुन्याची आहे की कंपनीच्या स्वतःच्या मसुद्याची, हे आजच उघडून पाहा. आणि कोणतीही असली तरी, अंतिम निर्णय काहीही घ्यायचा असो, आज संध्याकाळपर्यंत ई-मेलने ‘हा कॅम्पर अमुक तारखेला घेतला असून तो पॉलिसीत नोंदवावा’ असे कळवून टाका. फोनवर सांगू नका. पुढे स्वतंत्र पॉलिसी घेतली तर ही नोंद काढून टाकता येते.

आता ‘माल’ या शब्दाविषयी. तुमच्या एजंटांची गफलत बहुधा येथे झाली असावी, की लायबिलिटीच्या बाबतीत त्यांचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे. कॅम्परला इंजिन नाही, आस नाही, चाके नाहीत. रस्त्यावर जे काही घडते ते ट्रक चालवण्यातून घडते. तुम्ही कोणाला धडक दिली, किंवा आवळलेल्या साखळ्या सुटून कॅम्पर मागच्या गाडीवर पडला, तर समोरच्याची भरपाई ट्रकच्या लायबिलिटीतून होते आणि त्यासाठी कॅम्परची निराळी लायबिलिटी लागत नाही. परंतु समोरच्याचे नुकसान भरून देणे आणि तुमच्या स्वतःच्या कॅम्परचे नुकसान भरून देणे या दोन संपूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीसाठी कॅम्परचे नाव डेक्लरेशन पानावर असावे लागते. ‘आपोआप येतो’ हे उत्तर पहिल्या प्रश्नाचे आहे आणि ते दुसऱ्या प्रश्नाला चिकटवले गेले आहे. शिवाय हौद्यात तुम्ही फर्निचर वाहून नेत असाल आणि ते मोडले, तरी वैयक्तिक वाहन पॉलिसी त्या फर्निचरचे पैसे देत नाही. तेव्हा कॅम्परला माल म्हटल्याने तुमची बाजू उलट कमकुवतच होते.

टायटल आणि टॅब यांचा मात्र येथे फारसा उपयोग नाही. वॉशिंग्टन आणि ओरेगॉन या राज्यांत कॅम्परची नोंदणी होते, अन्य कित्येक राज्यांत तो केवळ ओझे समजला जातो आणि त्याला कागदच नसतो. परंतु नोंदणी हा राज्याच्या करांचा आणि मालकीचा विषय आहे, विम्याचा अर्थ पॉलिसीच्या मजकुरावरून लागतो. टायटलमुळे मालकी आणि खरेदीची तारीख सिद्ध करणे सोपे जाते, एवढा फायदा नक्की आहे.

घराच्या विम्याबद्दल तुमच्या स्नेह्यांनी दिलेला सल्ला सर्वांत धोकादायक आहे, कारण तो अर्धा खरा असल्यामुळे पटकन पटतो. घरमालकाच्या नेहमीच्या नमुना पॉलिसीत तुमचे वैयक्तिक सामान जगात कोठेही असले तरी ठरावीक संकटांपासून संरक्षित असते, म्हणजे कॅम्परमधून तुमचा कॅमेरा किंवा कपडे चोरीला गेले तर घराच्या पॉलिसीवर दावा करता येतो, अर्थात घराची डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक दाव्यात स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, वजा करून. तथापि त्याच पॉलिसीच्या चोरीविषयीच्या कलमात आवाराबाहेर झालेली ट्रेलर आणि कॅम्पर यांची चोरी स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. म्हणजे वाटेत मुक्कामाच्या जागेवरून आतले कपडे गेले तर विमा आहे, आणि कपड्यांसकट सगळा कॅम्पर गेला तर फक्त कपड्यांचा आहे!

शेवटी एक न मागितलेला सल्ला. वॉशिंग्टनमधील किमान लायबिलिटी २५/५०/१० आहे. हे आकडे हजार डॉलरांत आहेत : एका व्यक्तीच्या इजेसाठी, एका अपघातातील सर्वांच्या इजेसाठी आणि मालमत्तेसाठी. म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी फक्त १०,००० डॉलर. पाठीवर दीड-दोन टनांचे घर घेऊन निघालेला एक-टनी ट्रक थांबायला जास्त अंतर घेतो आणि आदळला तर जास्त मोडतोड करतो. आजच्या साध्या मोटारीची किंमतही १०,००० डॉलरच्या कितीतरी पुढे आहे. कॅम्परवर ३१० डॉलर खर्च करण्याआधी ट्रकची लायबिलिटी वाढवा. कॅम्पर गेला तर तुमचे १९,००० डॉलर जातील. लायबिलिटी अपुरी पडली तर घरापर्यंत गोष्ट जाईल.

उत्तररात्र :

जॅकच्या प्रश्नाचे उत्तर मी अनुभवाने देऊ शकतो, आणि तो अनुभव सुखाचा नाही.

दोन वर्षांपूर्वी पावसानंतर ओल्या, किंचित उतरत्या जमिनीवर आम्ही कॅम्पर उतरवत होतो. ट्रक अर्धा बाहेर आला असताना मागचा उजवा जॅक मातीत रुतला, कॅम्पर त्या बाजूला कलला आणि त्याचा कोपरा जमिनीवर आदळला. मागची भिंत चौकटीपासून सुटली, जॅकचा ब्रॅकेट उपटला गेला आणि हौद्याच्या कडेला मोठा पोचा पडला. आमचा ट्रक एका कंपनीकडे आणि कॅम्पर दुसऱ्या कंपनीकडे होता. ट्रकवाल्यांनी विचारले, की ट्रक चालू होता का? कॅम्परवाल्यांनी विचारले, की त्या क्षणी कॅम्पर ट्रकला जोडलेला होता का? साखळ्या सोडलेल्या होत्या आणि विजेची तारही काढलेली होती, पण त्याचे अर्धे वजन अजून ट्रकवर होते; याचे ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर काय द्यायचे? दोन्ही कंपन्यांचे अ‍ॅडजस्टर (नुकसान पाहून दावा ठरवणारे कर्मचारी) परस्परांकडे बोट दाखवत राहिले आणि दावा मंजूर व्हायला पाच आठवडे गेले. अखेर कॅम्परचे नुकसान कोलिजनखाली आणि ट्रकचा पोचा ट्रकच्या कोलिजनखाली असे ठरले, त्यामुळे डिडक्टिबल दोनदा भरावी लागली.

दप्तरदारांनी सांगितलेल्या गोष्टींत माझी एवढीच भर आहे, की शक्य असेल तर ट्रक आणि कॅम्पर एकाच कंपनीकडे ठेवा. एकाच अपघातात दोन्हींचे नुकसान झाल्यास काही कंपन्या एकच, म्हणजे दोहोंपैकी मोठी, डिडक्टिबल घेतात. ही सोय तुमच्या कंपनीत आहे का हे विचारण्याजोगे आहे. आणि विचारताना ‘कॅम्पर पडला तर भरपाई मिळेल का’ असा सैल प्रश्न विचारू नका, कारण त्याचे उत्तर नेहमीच ‘हो, काळजी करू नका’ असे असते. कॅम्पर ट्रकवर असताना, चढवता-उतरवताना अर्धवट अवस्थेत असताना, आणि घरामागे चार-पाच महिने नुसता जॅकवर उभा असताना, अशा तिन्ही स्थितींत कोलिजन लागू होते का आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह लागू होते का, असे वेगवेगळे विचारा. आमच्या नव्या एजंटांनी या प्रश्नाला एका ओळीचे ई-मेल उत्तर दिले आहे; ते मी छापून पॉलिसीला टाचून ठेवले आहे.

आता जॅकखाली फळ्या ठेवल्याशिवाय आम्ही कॅम्पर उतरवत नाही, हे वेगळे सांगायला नको.

चौथा_गिअर :

दोघांचेही मनापासून आभार. ई-मेल कालच पाठवला आणि पोच मिळाली. पॉलिसी उघडून पाहिली, तर कॅम्पर बॉडीचा तो अपवाद आणि १४ दिवसांची सवलत जवळजवळ त्याच शब्दांत सापडली. इतकी वर्षे हप्ता भरतो आहे, पण हे पान पहिल्यांदाच वाचले.

आणखी काही शंका आहेत. दुसऱ्या कंपनीच्या प्रस्तावात भरपाईचा आधार ‘स्टेटेड व्हॅल्यू’ असा आहे आणि त्यांनी मलाच आकडा सांगायला सांगितले आहे. मी २२,००० म्हणालो, कारण खरेदीनंतर छतावर सौर पॅनेल आणि लिथियम बॅटरी बसवण्यासाठी २,८०० डॉलर वेगळे खर्च झाले. हे योग्य आहे का? हिवाळ्यात मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियात जाण्याचा विचार आहे, तेथे हा विमा चालेल का? आणि ट्रक क्षमतेपेक्षा जास्त भरलेला आढळल्यास विमा रद्द होतो असे अनेकांकडून ऐकले, ते खरे आहे का?

पानगळ :

स्टेटेड व्हॅल्यू या शब्दांनी फसलेले लोक मी पाहिले आहेत, म्हणून याच मुद्द्यावर विस्ताराने लिहिते.

कॅम्पर पूर्ण निकामी झाला तर कंपनी किती देणार, हे ठरवण्याच्या चार पद्धती प्रचलित आहेत आणि त्यांची नावे ऐकायला एकमेकींच्या इतकी जवळची वाटतात, की फोनवर फरक कळत नाही. अ‍ॅक्च्युअल कॅश व्हॅल्यू म्हणजे नुकसान झाले त्या दिवशीची बाजारातील किंमत, घसारा धरून. अ‍ॅग्रीड व्हॅल्यू म्हणजे पॉलिसी घेताना दोघांनी मान्य केलेला आकडा. कॅम्पर पूर्ण गेला, तर बाजारभाव काहीही असो, तेवढी रक्कम डिडक्टिबल वजा करून मिळते. टोटल लॉस रिप्लेसमेंट म्हणजे तसाच नवा कॅम्पर, परंतु ही सोय सामान्यतः नव्या कॅम्परसाठी आणि पहिल्या काही वर्षांपुरतीच दिली जाते, त्यामुळे आठ वर्षांच्या कॅम्परला ती विसरून जा. उरते ती स्टेटेड व्हॅल्यू. बहुतेक पॉलिसींत तिचा अर्थ असा असतो, की तुम्ही सांगितलेला आकडा आणि त्या दिवशीचा बाजारभाव यांपैकी जो कमी असेल तो मिळेल.

तुमच्याच आकड्यांवर पाहू. तुम्ही २२,००० सांगितले आणि त्या हिशेबाने हप्ता भरला. समजा तीन वर्षांनी कॅम्पर आगीत गेला आणि तेव्हा त्याचा बाजारभाव १४,००० डॉलर असला. अ‍ॅग्रीड असेल तर २२,०००, स्टेटेड असेल तर १४,०००, दोन्हींतून डिडक्टिबल वजा. म्हणजे मोठा आकडा सांगून तुम्ही मोठा हप्ता भरलात, त्याचा फायदा मात्र शून्य. उलट हप्ता वाचवण्यासाठी मुद्दाम १०,००० सांगितले असते, तर बाजारभाव १४,००० असूनही १०,०००च हाती आले असते. दोन्ही बाजूंनी तोटा तुमचाच. त्यामुळे प्रस्तावातील ‘स्टेटेड’ या शब्दाची व्याख्या पॉलिसीत काय दिली आहे ते मागवून वाचा, आणि अ‍ॅग्रीड मिळत असेल तर हप्त्यातला फरक विचारून घ्या. त्यासाठी कंपनी छायाचित्रे किंवा मूल्यांकन मागू शकते. ते दिलेले चांगले.

कॅम्परच्या बाबतीत ‘पूर्ण निकामी’ हा प्रकार वाटतो त्यापेक्षा लवकर घडतो, हेही ध्यानात असू द्या. छत आणि भिंती यांचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात; एका कोपऱ्याला जबर धक्का बसला, की आतली लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची चौकट, इन्सुलेशन आणि बाहेरचा पत्रा हे सगळे उलगडून पुन्हा बांधावे लागते. मजुरीच एवढी होते, की जुन्या कॅम्परची दुरुस्ती त्याच्या किमतीला सहज गाठते.

सौर पॅनेल आणि बॅटरीविषयी : कारखान्यातून न आलेल्या वस्तूंना पुष्कळ पॉलिसींत निराळी मर्यादा असते. २,८०० डॉलरच्या पावत्या, बसवल्याची छायाचित्रे आणि बॅटरीचा अनुक्रमांक कंपनीकडे पाठवून त्या वस्तू नावानिशी नोंदवून घ्या. कॅम्परच्या दारापाशी निर्मात्याची पट्टी असते, तिचेही छायाचित्र घ्या. मोटारीसारखा सतरा अक्षरे-अंकांचा क्रमांक तिच्यावर नसेल तर निर्मात्याचा अनुक्रमांक असेल, आणि पॉलिसीवर तोच क्रमांक अक्षरशः तसाच उतरला आहे ना, हे ताडून पाहा. आमच्या पॉलिसीवर कंपनीच्या संगणकाने कॅम्परला ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ करून टाकले होते! जे वाहन ओढलेच जात नाही ते ट्रेलर म्हणून नोंदवले गेले, तर दाव्याच्या वेळी नसता वाद उभा राहतो.

बाहाला जाण्यापूर्वी मेक्सिकोमधील कंपनीची पॉलिसी घ्या, कारण अमेरिकन वाहन पॉलिसीच्या नमुन्यात संरक्षणाचे क्षेत्र अमेरिका, तिचे प्रदेश, प्वेर्तो रिको आणि कॅनडा एवढेच आहे. ती घेताना ट्रकबरोबर कॅम्परही नमूद करा व त्याची किंमत लिहा.

दप्तरदार :

पानगळ यांनी लिहिलेल्या मुद्द्यांशी मी सहमत आहे. जास्त वजनाचा प्रश्न राहिला, त्याचे उत्तर देतो.

‘ओव्हरलोड झाला की विमा रद्द’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येते, की ते पॉलिसीत छापलेले असावे असे वाटू लागते. मी ज्या नमुन्याविषयी बोलत आहे त्यात क्षमतेपेक्षा जास्त वजन हा अपवाद मुळीच नाही. चूक करून झालेल्या अपघातांसाठीच तर लायबिलिटी असते. वेगमर्यादा ओलांडली म्हणूनही ती नाहीशी होत नाही. तुमच्या कंपनीने स्वतःच्या मसुद्यात तसे काही घातले आहे का, एवढे पाहून घ्या. परंतु यावरून वजनाची चिंता सोडून द्या असा अर्थ काढू नका. गंभीर दुखापतीचा खटला उभा राहिला, तर समोरचा वकील ट्रकच्या दारावरील क्षमतेची पट्टी आणि कॅम्परची पट्टी शेजारी शेजारी ठेवून निष्काळजीपणा सिद्ध करील, आणि निवाडा लायबिलिटीच्या मर्यादेपलीकडे गेला की वरची रक्कम तुमची. म्हणजे धोका आहे तो विमा नाहीसा होण्याचा नव्हे, विमा अपुरा पडण्याचा आहे.

अमेरिकेच्या संघीय नियमावलीत, ४९ सीएफआर ५७५.१०३ या कलमान्वये, कॅम्पर निर्मात्याने त्याच्यावर वजनाची पट्टी लावणे बंधनकारक आहे. प्रमाणित सामान, इतके गॅलन पाणी, इतके पौंड गॅस आणि इतक्या आकाराचे शीतकपाट धरून कॅम्पर किती पौंड भरतो, हे त्या पट्टीवर असते. जाहिरातीतील कोरड्या, म्हणजे रिकाम्या कॅम्परच्या, वजनाकडे पाहू नका. एक गॅलन पाणी सुमारे ८.३ पौंड भरते, तेव्हा ३० गॅलनची टाकीच अडीचशे पौंडांची झाली. त्यावर तुमची बॅटरी, पॅनेल, माणसे आणि सायकली. एकदा पूर्ण भरून वजनकाट्यावर जा आणि पावती जपून ठेवा.

विमा कशाला लागू होत नाही, हे अद्याप कोणी नीट लिहिले नाही, आणि माझ्या टेबलावर आलेले नाकारलेले दावे बहुतांश याच वर्गातील असत. हळूहळू झिरपलेले पाणी, कुजलेले लाकूड, सुटलेले सांधे यांना झीज समजले जाते आणि झिजेला भरपाई नाही. हिवाळ्यात नळातील पाणी गोठून नळ फुटला, तर गोठण्याचा अपवाद नमुन्यात स्पष्ट आहे. गारपिटीने छतावरील काच फुटली आणि त्याच रात्री पाणी आत आले, तर भरपाई मिळते. परंतु तीच काच तीन हिवाळे गळत होती असे ओलाव्याच्या डागांवरून दिसले, तर मिळत नाही. अ‍ॅडजस्टर डागांचे वय पाहतो. त्यामुळे दर वर्षी छताचे सांधे सील करताना तारखेसह छायाचित्रे काढत जा. आठ वर्षांच्या कॅम्परसाठी हीच छायाचित्रे सर्वांत उपयोगी पडतील. फांदीचा प्रश्न नेहमी विचारला जातो : फांदी तुमच्यावर पडली तर कॉम्प्रिहेन्सिव्ह, तुम्ही फांदीवर जाऊन आदळलात तर कोलिजन. कॅम्परची उंची विसरून कमी उंचीच्या छपराखाली शिरणाऱ्यांची संख्या लक्षात घेता, कोलिजन गाळून फक्त कॉम्प्रिहेन्सिव्ह घेण्याचा मोह टाळलेला बरा.

उंबरठा :

सगळेच विमा घ्या म्हणत असल्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. माझ्याकडे छत वर उचलायचा जुना कॅम्पर आहे, विकायला काढला तर फार तर ४,००० डॉलर येतील. त्याच्या नुकसानीचा विमा मी घेतलेला नाही. वर्षाला दोनशे-अडीचशे डॉलर हप्ता आणि ५०० डॉलर डिडक्टिबल भरून अखेरीस बाजारभावच मिळणार असेल, तर तेवढे पैसे मी बाजूला ठेवतो. मी ट्रकची लायबिलिटी मात्र भरपूर ठेवली आहे आणि रस्त्यावरील मदतीची अशी योजना घेतली आहे, जी कॅम्परसहित ट्रक ओढून नेते. साध्या मोटारीसाठीच्या योजनेत हा भार बऱ्याचदा बसत नाही, हे मला महामार्गाच्या कडेला सहा तास थांबून कळले.

मूळ प्रश्नकर्त्यांचा कॅम्पर १९,००० डॉलरचा आहे, त्यामुळे त्यांना माझा हिशेब लागू पडेलच असे नाही. स्वतःच्या खिशातून तेवढे पुन्हा घालण्याची तयारी आहे का, एवढे त्यांनी ठरवावे.

दप्तरदार :

४,००० डॉलरच्या कॅम्परला तुमचा हिशेब रास्त आहे. मात्र जागेवर उभ्या असलेल्या कॅम्परच्या पायरीवरून पाहुणा घसरून पडला तर काय, हे पाहून ठेवा. तेथे ट्रकची लायबिलिटी लागू होईलच असे नाही. घराचा विमा असलेल्यांना बऱ्याचदा वेगळे काही लागत नाही, कारण घराच्या नमुना पॉलिसीतील लायबिलिटी तुम्ही तात्पुरते राहत असलेल्या परक्या जागेलाही धरते. भाड्याच्या घरात राहणारे आणि भाडेकरूचा विमाही न घेतलेले असाल, तर कॅम्परच्या पॉलिसीतील ‘व्हेकेशन लायबिलिटी’ (कॅम्पर मुक्कामी उभा असताना दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई) हा भाग घ्यावा. आणि वर्षाचा बराचसा काळ कॅम्परमध्येच राहण्याचा किंवा तो दुसऱ्यांना भाड्याने देण्याचा बेत असेल, तर आतापर्यंत लिहिलेले येथे बाजूला ठेवून कंपनीशी नव्याने बोला. त्या दोन्ही वापरांसाठी साध्या पॉलिसी केलेल्याच नसतात.

चौथा_गिअर :

काय केले ते कळवतो, म्हणजे पुढे कोणी हाच प्रश्न घेऊन आले तर उपयोग होईल.

ट्रकच्या एजंटांना ‘आपोआप येतो’ हे वाक्य ई-मेलवर लिहून देण्याची विनंती केली, तेव्हा दोन दिवसांनी उत्तर आले, की कॅम्पर नोंदवावा लागेल आणि आधी सांगितले ते फक्त लायबिलिटीपुरते होते. १४ दिवसांच्या आत कळवल्यामुळे नोंद विनासायास झाली. त्यांच्याकडे अ‍ॅग्रीड व्हॅल्यू मिळत नाही. दुसऱ्या कंपनीकडे स्टेटेडऐवजी अ‍ॅग्रीड मागितल्यावर तिने छायाचित्रे व पावत्या घेऊन पॅनेल-बॅटरीसह २१,५०० डॉलरचा आकडा मान्य केला, हप्ता वर्षाला ३६५ डॉलर झाला. उत्तररात्र यांचा सल्ला मानून ट्रकही त्याच कंपनीकडे हलवला आणि लायबिलिटी १००/३००/१०० केली. एकाच अपघातात दोन्हींचे नुकसान झाल्यास एकच डिडक्टिबल लागेल, हे त्यांच्या पॉलिसीत छापलेलेच आहे. घराच्या विमा कंपनीने पाहुण्याच्या पायरीच्या प्रश्नाला होकारार्थी लेखी उत्तर दिल्यामुळे व्हेकेशन लायबिलिटी घेतली नाही.

जॅकविषयीचे उत्तर काल आले. चढवता-उतरवताना पडल्यास कोलिजन, जॅकवर उभा असताना वाऱ्याने उलटल्यास कॉम्प्रिहेन्सिव्ह, आणि जॅक आपोआप निकामी होऊन खाली बसल्यास ‘कारण पाहून ठरवू’. ही तिसरी ओळ मला खटकली, म्हणून पुन्हा विचारले आहे. तोपर्यंत कॅम्पर घरामागे पूर्ण खाली उतरवून, जाड लाकडी ठोकळ्यांवर टेकवून ठेवला आहे.